बागेत नुसतं बसलं की अपराधी वाटतं...

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव अर्थातच देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत. ताई 52 वर्षांच्या, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी, घरी मिस्टर, 25 वर्षांचा मुलगा आणि 78 वर्षांच्या सासूबाई. रो हाऊस आहे, पुढे बारा बाय वीस फुटांचं अंगण, त्यात कढीपत्ता, कागदी लिंबू, जास्वंद, मोगऱ्याची दोन झुडपं, गेटवर चढवलेली मधुमालती आणि चाळीसेक कुंड्या.

त्या लिहितात, "पहाटे साडेपाचला उठते, चहा घेऊन पायरीवर बसते. दिवसभरातली तेवढी पंधरा मिनिटंच माझी असतात. पण बसल्या बसल्या पिवळी पानं दिसतात, वाळलेल्या कुंड्या दिसतात, मग उठते आणि कामाला लागते, चहा तसाच राहतो. सासूबाई खिडकीतून विचारतात, सकाळी सकाळी नुसती काय बसलीयस. जानेवारीत हौसेने आणलेली पिटुनिया, डायंथस सगळी मेली. ग्रुपवर बायका इतके सुंदर फोटो टाकतात, माझ्या हातालाच यश नाही असं वाटतं. लिंबाची पानं अळ्यांनी खाल्ली. पाणी एकच वेळ येतं, झाडांना घालताना उधळपट्टी करतोय असं वाटतं. मिस्टर म्हणतात, एवढा त्रास होतोय तर सरळ पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ, मुलाने गाडी घेतली की लावायला जागा होईल. कधीकधी मलाही पटतं, पण विचार केला तरी पोटात कालवतं. ज्या बागेचा काही उपयोग नाही तिच्यासाठी एवढा जीव काढणं बरोबर आहे का?"

ताई, नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला तुम्ही लिहिलंय की दिवसातली ती पंधरा मिनिटंच तुमची असतात, आणि शेवटी विचारलंय की उपयोग नसलेल्या बागेसाठी जीव काढायचा का. दोन्ही वाक्यं एकाच अंगणाबद्दलची आहेत ना? मग उपयोग नाही कसं म्हणायचं? मी आता कढीपत्ता किती रुपयांचा वाचतो, लिंबं किती मिळतात असा हिशेब मांडू शकते, पण मांडणार नाही, कारण तो तुम्ही स्वतः मनात करून पाहिला असेल आणि त्याने काही समाधान झालेलं नाहीये. तुम्हाला तिथे बसायला आवडतं. मला एवढं कारण पुरतं, आणि माझं म्हणणं आहे की तुम्हालाही पुरायला हवं.

आधी ते हाताला यश नसण्याचं बघू, कारण ती समजूत तुम्ही फार मनाला लावून घेतलेली दिसतेय. पिटुनिया, डायंथस, पॅन्सी, फ्लॉक्स ही सगळी थंडीची फुलं आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी टाकतात, डिसेंबर ते फेब्रुवारी त्यांचा बहर असतो आणि मार्च उजाडला, ऊन तापायला लागलं की ती संपतात. कोणाच्याही हातची संपतात, माळी ठेवला तरी संपतात. तुम्ही जानेवारीत आणलीत म्हणजे त्यांचं अर्धं आयुष्य नर्सरीतच गेलेलं होतं, उरलेलं त्यांनी तुमच्याकडे फुलून काढलं आणि गेली. यात तुमच्या हाताचा काय दोष? नर्सरीवाले हे सांगत नाहीत, आपणही विचारत नाही, आणि मग हजारो घरांमध्ये एप्रिलमध्ये बायका वाळलेल्या कुंड्यांकडे बघून खट्टू होतात. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं, ते उगाच नाही. आपल्याकडे कुंडीतल्या रंगीबेरंगी फुलांची बाग थंडीत दिसते तशी वैशाखात दिसत नाही, दिसणारही नाही, आणि ग्रुपवरचे ते भरगच्च फोटो कोणत्या महिन्यात काढलेत हे एकदा स्क्रोल करून बघाच. शिवाय फोटोत बागेचा बरा कोपराच घेतात, पाठीमागची रिकामी कुंडी आणि गुंडाळलेला पाइप कोणी दाखवत नाही.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. तुम्ही ज्या दिवसांत बागेवर वैतागलायत ते दिवस, म्हणजे चैत्र संपत आलाय, वैशाख लागतोय, पारा चाळिशीला टेकलाय, हे बागेत काम करायचे दिवसच नाहीत. कुठल्याही जुन्या बागवानाला विचारा. या दिवसांत कुंड्या बदलायच्या नाहीत कारण मुळं दुखावली की या उन्हात झाड सावरत नाही. कडक छाटणी करायची नाही. रासायनिक खत तर घालायचंच नाही, कोरड्या तापलेल्या मातीत त्याने मुळं जळतात. नवीन झाडं जमिनीत लावायची ती मृगाचा पाऊस पडल्यावर, म्हणजे 7 जूनच्या पुढे. मग उरतं काय? पाणी, सावली, मातीवर आच्छादन, आणि मोगरा तोडणं. बस्स. बागेने तुम्हाला स्वतःहून सुट्टी दिलीय आणि तुम्ही मात्र रोज पहाटे उठून हजेरी लावताय, असं झालंय.

त्यामुळे ते पिवळ्या पानाला बघून उठणं आधी बंद करा. झाडाची खालची, जुनी पानं या दिवसांत पिवळी पडून गळतात, ते साहजिक आहे. शेंड्याची नवी कोवळी पालवी पिवळी निघायला लागली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं काही दिसलं तर लक्ष द्यायचं, एरवी नाही. आणि गळलेली पानं झाडून, पिशवीत भरून घंटागाडीत टाकत असाल तर तेही थांबवा. तीच पानं कुंडीत आणि झाडाच्या आळ्यात दोन इंच जाडीची पसरून ठेवा. ऊन थेट मातीवर पडत नाही, माती तापत नाही, ओल टिकते, दिवसातून दोनदा पाणी मागणारी कुंडी एकदा घातलेल्या पाण्यावर भागवते. कोल्हापूरचे, शेतीत प्रयोग करणारे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी कित्येक वर्षांपूर्वी लोकांना हेच करून दाखवलं, की घरातला ओला कचरा आणि पालापाचोळा यावर गच्चीत सुद्धा बाग उभी राहते. म्हणजे जे पान बघून तुमचा चहा गार होतो तेच पान मातीला हवं असतं. चहा पिऊन झाला की जाता जाता उचलून कुंडीत टाका, तोपर्यंत ते कुठे जात नाही.

पाण्याचं म्हणाल तर तुमची काळजी खरी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर वाटतो, एकवेळ पाणी येणाऱ्या गावात हा विचार प्रत्येकाने करायला हवा. पण जरा हिशेब बघा. एका कुंडीला सरासरी लिटरभर धरलं तरी चाळीस कुंड्यांना चाळीस लिटर, म्हणजे दोन-अडीच बादल्या. एखादी गाडी पाइप लावून धुतली की याच्यापेक्षा जास्त जातं, आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवायला लागा, साबण आणि मीठ नसलेलं कुठलंही पाणी चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र त्याच त्याच कुंडीला रोज नको, क्षार साठतात, आलटून पालटून चालेल. पाणी उन्हं उतरल्यावर किंवा पहाटे घालायचं, दुपारी नाही, आणि घालायच्या आधी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघायचं, आत ओल असेल तर त्या कुंडीला त्या दिवशी सुट्टी. लिंबाला आणि मोगऱ्याला जमिनीत आळी आहेत ना, तिथे एकेक छोटं, रंग न लावलेलं मातीचं मडकं तोंडापर्यंत पुरून टाका, पाणी भरून वर झाकण ठेवा, ते आतल्या आत पाझरत राहतं. दुपारच्या उन्हाला कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवल्या तरी खूप फरक पडतो, ग्रीन नेट लावायची असेल तर निम्मं ऊन अडवणारी, 50 टक्क्यांची पुरते.

आणि चाळीस कुंड्या कशाला हव्यात हो? हे मी मनापासून विचारतेय. यातल्या किती कुंड्यांकडे तुम्ही आवडीने बघता आणि किती फक्त आहेत म्हणून आहेत? हळदीकुंकवात मिळालेलं रोप, कोणीतरी दिलेली फांदी, ऑफरमध्ये घेतलेलं काहीतरी, टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून वाढलेली फौज असते ती. वाळून गेलेल्या पिटुनियाच्या कुंड्या तर आजच रिकाम्या करा, माती एका गोणीत भरून ठेवा, पावसाळ्यात उपयोगी पडेल. उरलेल्यांतल्या ज्या तुम्हाला बघवत नाहीत त्या ज्यांना हव्यात त्यांना देऊन टाका. वीस राहू देत, पंधरा राहू देत. पाणी निम्म्यावर येईल, आणि मुख्य म्हणजे पायरीवर बसल्यावर समोर करायच्या कामांची यादी न दिसता झाडं दिसतील.

बसण्याबद्दल मला तुमच्याशी थोडं बोलायचंय, कारण मला वाटतं खरी गाठ तिथे आहे. तुमचे मिस्टर सकाळी पेपर घेऊन अर्धा तास बसत असतील. त्यांना कोणी नुसते काय बसलात असं विचारतं का? पेपर वाचणं हे काम धरलं जातं आणि अंगणात चहा पिणं हा आळस, हे कोणी ठरवलं? तुम्ही पहाटे साडेपाचला उठता, नोकरी करता, घर बघता, आणि त्यातली पंधरा मिनिटं सुद्धा तुम्हाला हातात खुरपं घेतल्याशिवाय आपली वाटत नाहीत. मला पत्र वाचताना वाईट वाटलं ते याचं. बाग नीटनेटकी झाली की मग बसू, असं मनात धरलं तर बसणं होतच नाही, कारण बाग कधीच पूर्ण होत नसते, आज लिंबाचं आवरलं की उद्या जास्वंदीला पांढरा मावा. त्यामुळे आधी बसा. ते पंधरा मिनिटांचं बसणं संपल्यावर वाटलं तर काम करा, आणि नाही वाटलं तर आंघोळीला जा, ऑफिसची वेळ होतच असते.

बसून करायचं काय, असा प्रश्न पडेल कदाचित, सवय नसली की पडतो. तर बघायचं, ऐकायचं. पहाटे साडेपाच-सहाला या दिवसांत दयाळ गातो, काळापांढरा, शेपटी वर उचलून वायरीवर नाहीतर अँटिनावर बसलेला असतो, आवाज इतका गोड आणि इतका बदलता की एकच पक्षी आहे हे पटत नाही. हे गाणं त्याच्या विणीच्या दिवसांतलं, पावसाळा सरला की एवढं ऐकू येणार नाही. दूर कुठे तांबट पक्षी एकसुरात टुक टुक करत असतो. मधुमालतीवर शिंजीर येत असेल, बोटाएवढा, लकाकणारा, फुलावर लटकून रस पितो.

त्या मधुमालतीकडे तर नीट बघाच. एकाच घोसात पांढरी, गुलाबी आणि लाल फुलं दिसतात ना, ती वेगवेगळ्या जातीची नाहीत, वेगवेगळ्या वयाची आहेत. कळी संध्याकाळी उमलते तेव्हा फूल पांढरं असतं, त्या रात्री त्याच्यावर पतंग येतात, लांब सोंडेचे. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं, मग लाल. संध्याकाळी एका नुकत्या उमललेल्या फुलाच्या देठाला दोरा बांधून ठेवा आणि पुढचे दोनतीन दिवस चहा पिताना त्याच्यावर नजर टाका. वास पण बघा, पहिल्या रात्री जो असतो तो नंतर राहत नाही. तुमच्या गेटवर हे रोज चाललंय, ताई, आणि तुम्ही खाली पडलेल्या पाकळ्या झाडताय.

लिंबावरच्या अळ्यांचंही तसंच. लगेच फवारा मारू नका. बारीक असताना त्या काळपट-पांढऱ्या, अगदी पक्ष्याची विष्ठा पडलीय असं वाटावं अशा दिसतात, म्हणून पक्षी त्यांना खात नाहीत. मोठ्या झाल्या की छान हिरव्यागार होतात. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लालसर दोन शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात, घाबरवायला. त्या लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या आहेत, कढीपत्त्यावर पण होतात. जमिनीतल्या वाढलेल्या झाडाला त्यांचं चार पानं खाणं सहज झेपतं, पुन्हा फुटतो तो. झाड लहान असेल आणि पार खराटा व्हायची पाळी आली असेल तर अळ्या अलगद पानासकट उचलून मोठ्या कढीपत्त्यावर सोडा. आणि एखादी अळी कोष करून फांदीला स्वतःला धाग्याने बांधून घेताना दिसली तर ती फांदी लक्षात ठेवा, या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं, ते सकाळीच येतं बहुतेक वेळा, म्हणजे तुमच्या चहाच्या वेळेला. पंख ओले, सुरकुतलेले असतात, लटकून वाळवतं आणि मग उडतं. मुलाला पण उठवा त्या दिवशी, 25 वर्षांचा असला तरी.

बुलबुलाने एखाद्या लोंबत्या कुंडीत नाहीतर जास्वंदीत घरटं केलं असेल तर त्या कुंडीला कडेकडेने थोडंच पाणी घाला आणि सारखं डोकावू नका. दोन आठवडे अंडी उबवतात, पुढच्या दोन आठवड्यांत पिल्लं निघून जातात, महिन्याभराचा सगळा संसार. पक्ष्यांसाठी पाणी ठेवाल ते पसरट मातीच्या भांड्यात ठेवा आणि रोज बदला, नाहीतर त्यात डास होतात. कुंडीखालच्या बशा पण याच कारणाने ओतून टाकत जा, संध्याकाळी तुम्हाला तिथे बसायचंय ना.

हो, संध्याकाळी पण बसा, जमेल तेव्हा. मोगऱ्याचा वेळ संध्याकाळचा. पाचसाडेपाचच्या सुमाराला टपोऱ्या, पूर्ण पांढऱ्या झालेल्या कळ्या तोडायच्या, हिरवट छटा असलेल्या राहू द्यायच्या, त्या तोडल्या तर नीट उमलत नाहीत. तोडलेल्या कळ्या रात्री उमलतात, वाटीत ठेवल्या तरी खोली भरून जाते. पिण्याच्या पाण्याच्या माठात वाळ्याची जुडी असेलच, त्यात मोगऱ्याची दोन फुलं सोडा, अर्थात झाडावर कसली फवारणी केलेली नसेल तरच. हे काही मी नवीन सांगत नाहीये, आपल्या आज्या हेच करत होत्या.

यावरून सासूबाई. त्या नुसती काय बसलीयस म्हणतात त्यात टोमणाच आहे असं मला पत्रावरून वाटलं नाही, कदाचित आहे, तुम्हाला जास्त माहीत. पण 78 वर्षांची बाई खिडकीतून बाहेर बघतेय, पहाटे तीही जागीच आहे. पायरीशेजारी एक पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवून बघा, आई, बाहेर गार आहे, या ना, एवढंच म्हणा. आणि संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या आणि दोरा त्यांच्या पुढ्यात ठेवा. त्या पिढीच्या बहुतेक बायकांना सुई न घेता, नुसत्या दोऱ्याच्या गाठी मारत गजरा करता येतो, आपल्याला येत नाही. शिकवा म्हणा. अक्षय्य तृतीया अजून व्हायची असेल तर चैत्रगौरीचं हळदीकुंकू अंगणातच करा, आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी, चार शेजारणी, आणि येणाऱ्या प्रत्येकीला तुमच्या झाडाचा मोगरा. गौर मांडायला सासूबाईंना सांगा, त्यांना सगळं आठवत असेल. तिथी होऊन गेली असेल तर निमित्त नाही म्हणून अडू नका, पन्ह्याला मुहूर्त लागत नाही. जमलंच नाही, त्यांना बाहेर यायचंच नसलं, तर जोर करू नका. तेव्हा त्यांच्या प्रश्नाला, हो आई, बसलेय, पंधरा मिनिटांत येते, एवढं साधं उत्तर पुरे. कारणं देत बसू नका.

आता पेव्हर ब्लॉक. तुमच्या मिस्टरांवर मी रागावणार नाही, कारण बागेबद्दल तुमच्या तोंडून त्यांच्या कानावर काय पडत असेल याचा विचार करा. आज हे वाळलं, त्याला अळी लागली, पाणी पुरलं नाही, माझ्या हाताला यशच नाही. बायकोला त्रास होतोय आणि त्रासाचं कारण काढून टाकता येतंय, असं त्यांना सरळ दिसतंय. ती पहाटेची पंधरा मिनिटं तुम्हाला किती हवी असतात हे त्यांना कधी सांगितलंय का? मला लिहिलंत तसंच सांगा, त्याच शब्दांत. पोटात कालवतं हे पण सांगा.

आणि मग व्यवहाराचं बोला. पहिली गोष्ट, मुलाची गाडी अजून आलेली नाही. तो कधी घेणार, नोकरी कुठल्या गावात असणार, सगळंच पुढचं आहे. वाढलेलं लिंबाचं झाड आज काढून ठेवायचं आणि गाडीची वाट बघायची हे कशाला? दुसरी गोष्ट, गाडी आली तरी तिला सगळं अंगण लागत नाही. लहान गाडी साडेपाच फूट रुंद आणि बारा-तेरा फूट लांब असते, दारं उघडायला जागा धरली तरी आठ बाय पंधरामध्ये काम होतं. तुमचं अंगण बारा बाय वीस, म्हणजे निम्मं उरतं. गाडीच्या निम्म्यात सुद्धा सरसकट ब्लॉक घालायची गरज नसते, चाकांपुरत्या दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या फरशीच्या करतात, मधे माती तशीच ठेवून हरळी नाहीतर बारीक खडी. भोकं असलेले ग्रास पेव्हर पण मिळतात, पाणी त्यातून मुरतं. पूर्ण अंगण ब्लॉकने झाकलं की पावसाचं पाणी जमिनीत जात नाही, आणि उन्हाळ्यात ते ब्लॉक दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात, पुढची खोली, म्हणजे तुमचा हॉल, आत्ता आहे त्याहून गरम होईल. झाडं कुठे आहेत ते एका कागदावर काढा, गाडीचं माप त्यावर ठेवा, मिस्टरांबरोबर बसूनच करा हे. मोगरा किंवा लिंबू त्या मापात येतच असेल तर मोगरा पावसाळ्यात हलवता येतो, मोठं लिंबू सहसा हलवू नये, त्याला वाचवून गाडीची जागा सरकवा. माझं मत विचाराल तर यंदा काहीच करू नका, हा पावसाळा जाऊ द्या, दिवाळीनंतर गाडीचं नक्की झालं तर बघा.

एवढं करूनही समजा पावसाळ्यानंतर तुम्हाला वाटलं की नाही, मला खरंच बाग नकोय, नोकरी आणि घर यात एवढंही झेपत नाही, तर तेही चालेल. मोगरा, कढीपत्ता, मधुमालती एवढी तीन राखली तरी पहाटे पायरीवर बसता येतं. फक्त हा निर्णय वैशाखात घेऊ नका, जानेवारीच्या फुलांशी तुलना करून तर नकोच.

हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणी-जण फ्लॅटमध्ये राहतात, अंगण नाही, फार तर चार फुटांची गॅलरी आणि ग्रिल. त्यांच्यासाठी. पाचसहा तास ऊन येत असेल तर एक मोगरा पुरेसा आहे, बटमोगरा नाहीतर हजारी, 12 इंचांच्या कुंडीत छान राहतो. आत्ताच नर्सरीत जा, कळ्या आलेलं झाड बघून घ्या, म्हणजे कुठला मोगरा आहे ते फूल बघूनच कळतं. संध्याकाळी आणा, भर दुपारी गाडीच्या डिकीत घालून नको. आणल्यावर पिशवीतून लगेच कुंडीत लावायची घाई करू नका, पिशवी तशीच एका रिकाम्या कुंडीत उभी करून ठेवा, वरून पालापाचोळा, रोज संध्याकाळी पाणी. मृगाचे दोन पाऊस पडले की मग कुंडीत लावा. ऊन कमी येत असेल तर मोगऱ्याच्या मागे लागू नका, तो फुलणार नाही आणि तुम्ही हिरमुसाल, त्याऐवजी ब्रह्मकमळ म्हणून आपल्याकडे जे पानाला फुटणारं निवडुंग असतं त्याचं एक पान कोणाकडून तरी मागून आणा आणि मातीत खोचा, त्याला कडक ऊन नकोच असतं. फुलायला दोनतीन वर्षं घेतं. कळी लोंबून फुगली, तोंड वर करायला लागली की त्या रात्री दहानंतर शेजाऱ्यांना बोलवायचं, सकाळी ते मिटलेलं असतं.